शरीरातील औषधाचा जमाखर्च

एका हौदास दोन नळ आहेत. एका नळाने पाणी आत येते, दुसऱ्याने बाहेर जाते. तर हौद किती वेळात भरेल? अंकगणितातील हे उदाहरण सोडविले नाही असा विद्यार्थी विरळा, आणि ‘असला हौद बांधतो तरी कोण?’ असे मनाशी म्हटले नाही असा विद्यार्थी त्याहूनही विरळा. एका बाजूने पाणी भरावे आणि दुसऱ्या बाजूने ते वाहू द्यावे, असा गृहस्थ व्यवहारात आढळत नाही हे खरे. परंतु असा एक हौद जन्मापासून प्रत्येकाजवळ आहे. आपले शरीर हाच तो हौद होय. घेतलेले औषध एका वाटेने रक्तात येत असते आणि त्याच वेळी दुसऱ्या वाटांनी बाहेर पडत असते. कोणत्या वेळी रक्तात किती औषध शिल्लक आहे, यावर रोगी बरा होणार की नाही हे अवलंबून असते. आणि कित्येकदा तो जगणार की नाही, हेही.

हा हिशेब आज संगणकाच्या साहाय्याने पुष्कळ अंशी आधीच मांडता येतो. एखादे औषध शरीरात गेल्यावर कोठे, किती आणि किती वेळ राहील, याचे भाकीत करणाऱ्या या शास्त्राची ओळख वाचकांना करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे. विषय नवा असला तरी त्याचे मूळ तत्त्व समजण्यास गुणाकार, भागाकार आणि थोडासा धीर एवढीच सामग्री पुरेशी आहे.

हौदातील पातळी

प्रत्येक औषधाच्या बाबतीत रक्तात दोन रेषा कल्पाव्यात. एक खालची व एक वरची. औषध खालच्या रेषेच्या खाली राहिले, तर ते घेऊन न घेतल्यासारखे होते. वरच्या रेषेच्या वर गेले, तर तेच औषध विषाचे काम करू लागते. या दोन रेषांच्या दरम्यान पातळी राखणे, यालाच योग्य मात्रा देणे असे म्हणतात. पेनिसिलिनसारख्या औषधांत या दोहोंमधील अंतर ऐसपैस असते. हृदयविकारावरील डिगॉक्सिनसारख्या औषधांत मात्र ते इतके अरुंद असते की, थोडासा फरकही महागात पडतो.

आता बाहेर जाणाऱ्या नळाकडे पाहू. अंकगणितातला नळ दर मिनिटाला ठरावीक पाणी सोडतो. शरीरातला नळ बहुधा तसा नसतो. यकृत औषधाचे रासायनिक रूपांतर करते आणि मूत्रपिंडे ते मूत्रावाटे बाहेर टाकतात. रक्तात औषध जितके अधिक, तितके ते या इंद्रियांच्या हाती अधिक लागते. म्हणून ठरावीक वेळात शिल्लक औषधाचा ठरावीक हिस्सा नाहीसा होतो. शिल्लक निम्मी होण्यास जो वेळ लागतो, त्यास अर्धायुकाल म्हणतात. किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या पाठात हा शब्द वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या वाचनात आलेला असेल. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरात तापावरील पॅरासिटामॉलचा अर्धायुकाल दोन ते तीन तासांचा, तर कॉफीतील कॅफीन या द्रव्याचा सुमारे पाच तासांचा असतो. अर्थात सायंकाळी सहाला घेतलेल्या कॉफीतील जवळजवळ निम्मे कॅफीन रात्री अकरालाही अंगात असते, ही गोष्ट परीक्षेच्या दिवसांत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता एक उदाहरण करू. एका कल्पित औषधाचा अर्धायुकाल सहा तासांचा आहे, आणि ते दर सहा तासांनी १०० मिलिग्रॅम द्यावयाचे आहे. सोयीसाठी असे धरू की, दिल्याबरोबर ते सर्वच्या सर्व रक्तात मिसळते. पहिल्या मात्रेनंतर शरीरात १०० मिलिग्रॅम औषध असेल. सहा तासांनी त्यातले ५० उरतील. त्यात नवे १०० मिळविले की १५० होतील. पुन्हा सहा तासांनी ७५ अधिक १००, म्हणजे १७५, त्यानंतर १८७.५. याप्रमाणे आकडा वाढत जाईल खरा, परंतु औषध कितीही दिवस चालू ठेवले तरी तो २०० च्या पुढे जाणार नाही. कारण २०० झाले की सहा तासांत १०० जातात आणि १०० च येतात. जमा आणि खर्च सारखा झाला, की शिल्लक स्थिर राहते.

आता औषध तेच, मात्रा तीच, वेळही तीच ठेवू; फक्त रोगी बदलू. या दुसऱ्या रोग्याचे यकृत दुर्बळ आहे आणि त्यामुळे अर्धायुकाल २४ तासांचा झाला आहे. येथे दर सहा तासांनी शिलकेतील ८४ टक्के औषध तसेच उरते. (०.८४ ला ०.८४ ने चार वेळा मांडून गुणले असता सुमारे अर्धा येतो, हे ताडून पाहावे.) पहिल्या मात्रेनंतर १००, दुसरीनंतर १८४, तिसरीनंतर सुमारे २५५. पहिल्या दिवसाच्या चार मात्रा संपतात तेव्हा शरीरात सुमारे ३१४ मिलिग्रॅम औषध साचलेले असते. दुसऱ्या दिवसअखेर ४७०, तिसऱ्या दिवसअखेर ५५०, चौथ्या दिवसअखेर ५९०. आणि ही वाढ थांबते ती सव्वासहाशेच्या आसपास. या औषधाची वरची रेषा ४०० वर असेल, तर पहिल्या रोग्याला महिनाभरातही जो धोका नाही, तो दुसऱ्या रोग्याला दुसऱ्याच दिवशी उत्पन्न होतो. विशेष हे की, पहिला दिवस निर्वेध जातो. औषध मानवले असे वाटत असतानाच ते आत साचत असते.

हा केवळ कागदावरील हिशेब आहे असे कोणास वाटेल. त्यांच्यासाठी पुढील हकीकत देत आहोत.

१९५९ सालचा धडा

व्हेनेझुएला देशातील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून क्लोरँफेनिकॉल नावाचे प्रतिजैविक मिळाले, हे १९४७ साली जाहीर झाले. १९४८ साली मलायात ते विषमज्वराच्या रोग्यांना देण्यात आले व त्याचा उत्तम गुण आला. तोवर विषमज्वर म्हणजे आठवडेच्या आठवडे अंथरूण, आणि शेवट काय होईल याची शाश्वती नाही, अशी अवस्था होती. त्यामुळे या औषधाचे सर्वत्र स्वागत झाले आणि आपल्या देशातही असंख्य रोग्यांना त्याने जीवदान दिले.

इतके गुणकारी औषध नवजात अर्भकांनाही द्यावे, असे वैद्यांना वाटणे स्वाभाविक होते. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना जंतुसंसर्ग होऊ नये, या सद्हेतूने काही रुग्णालयांतून ते दिले जाऊ लागले. मात्रा ठरविताना मोठ्यांच्या मात्रेवरून वजनाच्या प्रमाणात त्रैराशिक मांडले जाई; कित्येकदा वजनाच्या मानाने ती मोठ्यांहून अधिकच दिली जाई. थोड्याच दिवसांत विचित्र लक्षणे दिसू लागली. दोन-चार दिवस औषध चालू राहिले की मूल दूध पिईनासे होई, पोट फुगे, कातडीचा रंग राखेसारखा होई, आणि पुढे रक्ताभिसरण थांबून ते दगावे. १९५९ साली अमेरिकेतील लॉस अँजेलिस येथील वैद्यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. संसर्गाचा संभव असलेल्या ज्या अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना कोणतेच प्रतिजैविक दिले नव्हते, त्यांच्यापैकी सुमारे एकपंचमांश दगावली होती. ज्यांना क्लोरँफेनिकॉल दिले होते, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक दगावली होती.

कारण कोणते? क्लोरँफेनिकॉल शरीराबाहेर टाकण्यापूर्वी यकृत त्यास एक आम्ल जोडते, आणि त्यायोगे ते मूत्रातून वाहून जाण्याजोगे होते. हे जोडकाम करणारे विकर नवजात अर्भकाच्या यकृतात पुरेसे तयार झालेले नसते. पुष्कळशा बाळांना जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी सौम्य कावीळ होते, हे घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांना ठाऊक आहे. तिचे एक कारणही हेच अपुरे विकर होय. शिवाय मूत्रपिंडेही नवखी असतात. मोठ्या मुलांत ज्या औषधाचा अर्धायुकाल अवघ्या काही तासांचा, तो पहिल्या एक-दोन दिवसांच्या अर्भकात एका दिवसाहूनही लांबतो. म्हणजे आपल्या उदाहरणातील दुसरा रोगी तो हाच. हे उमगल्यावर नवजातांसाठी दर किलो वजनाला दररोज २५ मिलिग्रॅम इतकी कमी मात्रा ठरविण्यात आली. आणि आज इतर औषधे उपलब्ध असल्यामुळे ते अर्भकांना क्वचितच दिले जाते.

येथे एक गोष्ट मनावर बिंबविणे अवश्य आहे. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे. जन्मतः त्याच्या शरीरात पाण्याचा अंश सुमारे तीनचतुर्थांश असतो. प्रौढ पुरुषात तो साठ टक्क्यांच्या आसपास असतो. यकृत आणि मूत्रपिंडे यांची शक्ती आठवड्या-आठवड्याने पालटत जाते. याउलट दोन ते सहा वर्षांची मुले काही औषधांचा निचरा वजनाच्या मानाने मोठ्या माणसांहूनही वेगाने करतात. तेव्हा केवळ वजनाचे त्रैराशिक येथे पुरे पडत नाही. शरीराचे अधिक बारकाईने चित्र काढावे लागते.

एक हौद पुरत नाही

असे चित्र काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न स्वीडनमधील उप्साला येथील शरीरशास्त्रज्ञ टॉर्स्टेन टेओरेल यांनी केला. १९३७ साली त्यांनी दोन निबंध प्रसिद्ध केले. औषध टोचल्यावर ते रक्तात, रक्तातून पेशीजालात आणि तेथून बाहेर कसे जाते, याची समीकरणे त्यांत मांडली होती. शरीर हा एक हौद नसून नळांनी जोडलेल्या अनेक हौदांचा समूह आहे, ही कल्पना त्यांत होती.

ती किती आवश्यक आहे, हे थायोपेंटल या भुलीच्या औषधावरून दिसून येते. ते शिरेतून टोचताच अर्ध्या-एक मिनिटात रोग्यास गाढ झोप लागते आणि काही मिनिटांत जागही येते. यावरून वाटेल की, औषध तेवढ्या वेळात नष्ट झाले. वस्तुतः बहुतेक सर्व औषध तेव्हा शरीरातच असते. त्याने फक्त मुक्काम हलविलेला असतो. मेंदूला रक्ताचा पुरवठा भरपूर, म्हणून औषध प्रथम तेथे पोहोचते. नंतर ते रक्तावाटे परत फिरून स्नायूंत शिरते, आणि त्याहून सावकाश चरबीत साचते. मेंदूतील औषध ओसरले, की रोगी जागा होतो. शरीरात एकूण औषध किती, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर ज्याला येते, त्याला हे जागे होणे उलगडणार नाही. कोणत्या इंद्रियात किती, हे त्याने सांगितले पाहिजे.

त्यासाठी निसर्गाचीच मापे घ्यावी लागतात. विश्रांतीच्या वेळी प्रौढ माणसाचे हृदय दर मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. त्यापैकी सुमारे दीड लिटर यकृताकडे, सव्वा लिटरच्या आत-बाहेर मूत्रपिंडांकडे आणि पाऊण लिटर मेंदूकडे जाते. हे झाले नळांचे माप. प्रत्येक इंद्रियाचे आकारमान हे हौदाचे माप. नळांची जोडणीही निसर्गाने ठरवून दिली आहे. आतड्यांतून शोषलेले औषध थेट हृदयाकडे न जाता प्रथम यकृतात जाते, आणि काही औषधांचा मोठा भाग तेथेच नाहीसा होतो. टोचण्याची मात्रा लहान आणि गिळण्याची मोठी, असा फरक काही औषधांत का असतो, याचे एक कारण येथे सापडते.

असे दहा-पंधरा हौद जोडले की तितकीच समीकरणे होतात, आणि प्रत्येक समीकरण दुसऱ्यांत गुंतलेले असते. ती हाताने सोडविणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे टेओरेल यांची कल्पना बरीच वर्षे कागदावरच राहिली. संगणक हाती आल्यावर परिस्थिती पालटली. केनेथ बिशॉफ आणि रॉबर्ट डेड्रिक या अमेरिकी संशोधकांनी १९६८ साली थायोपेंटलचा शरीरातील प्रवास अशा रीतीने गणिताने मांडून दाखविला. बिशॉफ हे रासायनिक अभियंता होते. कारखान्यातील टाक्या आणि नळ यांचे गणित ज्याला येते, त्याला शरीरातील टाक्या आणि नळ परके वाटले नाहीत.

संगणक काय करतो?

संगणकास वैद्यक येत नाही; तो बेरीज-वजाबाकी न कंटाळता आणि अतिवेगाने करतो, एवढेच. काळाचे तो बारीक बारीक तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यासाठी प्रत्येक इंद्रियाच्या खात्यावर दोन नोंदी करतो : रक्ताने आणून टाकलेले औषध जमेस, आणि रक्ताने परत नेलेले किंवा त्या इंद्रियाने नष्ट केलेले औषध खर्ची. शिल्लक काढून पुढच्या तुकड्याकडे वळतो. वाण्याने रोजकीर्द लिहावी तसे हे काम आहे. मात्र ही रोजकीर्द क्षणाक्षणाची आणि पंधरा-वीस खात्यांची असते. खऱ्या शरीराच्या जागी आकड्यांचे शरीर उभे करून त्यात असा व्यवहार चालवून पाहणे, यास सदृशीकरण म्हणतात. आणि त्या आकड्यांच्या शरीरास प्रतिमान.

प्रतिमानास दोन प्रकारची माहिती पुरवावी लागते. पहिली शरीराची : वय, वजन, रक्ताचे प्रवाह, इंद्रियांची आकारमाने, यकृतातील विकरांचे प्रमाण. दुसरी औषधाची : ते पाण्यात व चरबीत किती विरघळते, रक्तातील प्रथिनांना किती चिकटून राहते, मानवी यकृताच्या पेशी प्रयोगशाळेतील काचपात्रात ठेवल्या असता त्या औषधाचे विघटन किती वेगाने करतात. ही दोन्ही खाती वेगळी ठेवल्यामुळे मोठा लाभ होतो. औषध तेच ठेवून शरीर बदलता येते. प्रौढाच्या जागी दोन दिवसांचे अर्भक, गरोदर स्त्री, ऐंशी वर्षांचा वृद्ध किंवा मूत्रपिंडे निकामी झालेला रोगी बसवून ‘आता काय होईल?’ असे विचारता येते, आणि या विचारण्यापायी कोणाच्याही जिवास धोका होत नाही.

त्यातही ‘सरासरी माणूस’ नावाचा रोगी कोणत्याच दवाखान्यात येत नाही. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषध घ्या. यकृतातील एका विकराच्या आनुवंशिक फरकामुळे काही माणसे त्याची विल्हेवाट झपाट्याने लावतात आणि काही सावकाश. पहिल्यांत त्याचा अर्धायुकाल तास-दीड तासाचा, तर दुसऱ्यांत सुमारे तीन तासांचा असतो. आपल्या देशात सावकाश विल्हेवाट लावणाऱ्यांची संख्या निम्म्याहून अधिक आढळते. या औषधाच्या अभ्यासात भारताचा वाटा मोठा आहे. मद्रास येथे १९५६ साली क्षयरोगाच्या औषधोपचाराचे संशोधन करणारे केंद्र स्थापन झाले. घरी राहून नियमित औषध घेणारा रोगी आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो, हे तेथील संशोधनाने १९५९ साली दाखवून दिले, आणि विकरांच्या या फरकाचाही तेथे पुढे कसून अभ्यास झाला. असे फरक लक्षात घेऊन आजचा संगणक एका माणसाऐवजी शेकडो-हजारो कल्पित माणसांचा मेळावा उभा करतो. कोणी उंच, कोणी ठेंगणा. कोणाचे विकर जलद, कोणाचे मंद. सर्वांस तीच मात्रा देऊन, कितीजणांची पातळी खालच्या रेषेखाली राहते आणि कितीजणांची वरच्या रेषेच्या वर जाते, हे मोजले जाते.

आधी हिशेब, मग मात्रा

एका औषधाचा हिशेब दुसऱ्या औषधाने बिघडतो, हाही या शास्त्रातील महत्त्वाचा प्रश्न आहे. टर्फेनॅडीन हे शिंका व नाक वाहणे यांवरचे साधेसे औषध पूर्वी जगभर लोकप्रिय होते. यकृतातील एक विकर त्याचे रूपांतर करीत असे. परंतु बुरशीजन्य रोगांवरील कीटोकोनॅझोल हे औषध त्याच वेळी घेतले, तर ते या विकरास अडवून धरी. मग टर्फेनॅडीन रक्तात साचे आणि हृदयाचे ठोके विस्कळीत करी. त्यात काही रोग्यांचे प्राण गेले आणि १९९८ साली ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले. १९५९ सालच्या अर्भकांप्रमाणेच येथेही कारण समजले ते अपाय घडून गेल्यानंतर.

याच्याशेजारी २०१३ साली घडलेली गोष्ट ठेवून पाहावी. त्या वर्षी इब्रुटिनिब हे रक्ताच्या काही कर्करोगांवरील औषध अमेरिकेत मान्य झाले. त्याचेही विघटन तेच विकर करते. निरोगी स्वयंसेवकांना औषध देऊन तपासले असता कीटोकोनॅझोलमुळे या औषधाचा रक्तातील एकूण भार सुमारे २४ पट वाढतो, आणि क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे तो दहा पटीहून अधिक घटतो, असे आढळले. हे दोन्ही निकाल संगणकातील प्रतिमानाशी ताडून पाहण्यात आले. त्यानंतर त्याला असा प्रश्न विचारण्यात आला की, विकरास मध्यम प्रमाणात अडविणारी औषधे, उदाहरणार्थ एरिथ्रोमायसिन व डिल्टियाझेम, सोबत दिली तर काय होईल? सहा ते नऊ पट वाढ होऊ शकेल, असे उत्तर आले. या उत्तराच्या आधारे, तशी औषधे घेणाऱ्या रोग्यास ५६० मिलिग्रॅमऐवजी १४० मिलिग्रॅम मात्रा द्यावी, अशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात पहिल्या दिवसापासून छापली गेली. प्रत्येक जोडीचा प्रयोग माणसांवर करून पाहावा लागला नाही.

पुढे या पद्धतीस कायद्यातही स्थान मिळाले. नव्या औषधाची पारख प्राण्यांवर केलीच पाहिजे ही सक्ती अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये दूर केली, आणि पेशींवरील प्रयोग व संगणकीय प्रतिमाने यांचा पुरावाही ग्राह्य ठरविला. भारतातही २०२३ साली नियमांत दुरुस्ती होऊन अशा पद्धतींना मान्यता मिळाली. प्राण्यांवरील प्रयोग त्यामुळे बंद झाले असे नाही. परंतु त्यांना पर्याय उभे राहू लागले आहेत.

हिशेबाच्या मर्यादा

कीर्दीत पहिला आकडाच चुकीचा लिहिला, तर बेरीज कितीही बिनचूक असली तरी शिल्लक चुकणारच. संगणकाचेही तसेच आहे. काचपात्रातील पेशी जिवंत यकृताप्रमाणे तंतोतंत वागतातच असे नाही. नवजात अर्भकाच्या अंगात रक्तच थोडे. त्यामुळे तपासणीसाठी काही थेंबच घेता येतात, आणि जेथे भाकिताची गरज सर्वांत अधिक तेथेच मोजलेले आकडे सर्वांत कमी असतात. कधी नळाचा नियमच बदलतो. अपस्माराच्या रोग्यांना फेनिटॉइन देतात. त्याची मात्रा एका मर्यादेपलीकडे गेली की यकृताची विकरे पूर्णपणे गुंतून पडतात, आणि मग थोड्याशा वाढीनेही रक्तातील पातळी एकदम चढते. हा नियम प्रतिमानात आधीच घातलेला नसेल, तर संगणक आपण होऊन तो शोधून काढणार नाही.

आणखी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. शरीर औषधाचे काय करते, हा एक प्रश्न. औषध शरीराचे काय करते, हा दुसरा. या लेखात वर्णिलेला जमाखर्च मुख्यतः पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. रक्तातील पातळी अचूक सांगितली, तरी त्या पातळीला अमुक रोग्याच्या अंगावर पुरळ उठेल किंवा नाही, हे तेवढ्याने कळत नाही. म्हणून प्रत्येक भाकीत शेवटी खऱ्या माणसांच्या रक्तात मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहावे लागते. ते आकडे देणारे स्वयंसेवक आणि रोगी यांच्यावाचून हे शास्त्र एक पाऊलही चालू शकले नसते.

घरी व वर्गात

या सर्व विवेचनातून घरच्या व्यवहारापुरत्या चार गोष्टी निघतात. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून तो अंदाजाने मुलास देऊ नये. वैद्याकडे जाताना चालू असलेल्या सर्व औषधांची, काढे व चूर्णे यांचीही, यादी न्यावी. कारण एकाचा नळ दुसरे अडवीत असते. मूत्रपिंड अथवा यकृत यांचा पूर्वीचा विकार वैद्यास न विचारता सांगावा. एखादी मात्रा चुकल्यास पुढच्या वेळी आपल्याच मनाने दुप्पट घेऊ नये. कारण पातळी कोठे जाईल, हे आता वाचकांना स्वतः मांडून पाहता येईल.

विद्यार्थ्यांनी पुढील दोन उदाहरणे अवश्य करावीत. पहिले : एका औषधाचा अर्धायुकाल १२ तासांचा असून ते दर १२ तासांनी २०० मिलिग्रॅम दिले जाते. शरीरातील औषध शेवटी कोणत्या आकड्यावर स्थिरावेल, आणि तो आकडा आरंभापासूनच हवा असल्यास पहिली मात्रा किती द्यावी लागेल? (दोन्ही उत्तरे ४००.) दुसरे : मूत्रपिंडाच्या विकारामुळे एका रोग्यात याच औषधाचा अर्धायुकाल ३६ तासांचा झाला आहे, म्हणजे दर १२ तासांनी शिलकेचा ०.७९ हिस्सा उरतो. त्याच्या शरीरातही औषध ४०० वरच राखावयाचे असेल, तर दर १२ तासांनी किती मिलिग्रॅम द्यावे? (उत्तर : सुमारे ८४.) दुसऱ्या रोग्यास पहिल्याचीच मात्रा चालू ठेवली, तर आकडा कोठवर जाईल, हेही ज्यांना उत्साह असेल त्यांनी काढून आपल्या गणिताच्या शिक्षकांस दाखवावे.